जानेवारी १६६३ चं पत्र

सुरतेची पहिली लूट १६६४ ची, हे शाळेपासून पाठ असतं. एका स्मरणिकेसाठी शिवकालाचा कालपट करताना मी ती एक वर्ष मागे नेली. सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रावर जानेवारी १६६३ अशी तारीख होती. मूळ साधन हाती लागलं या गुर्मीत, पाठ्यपुस्तकातला सन चुकीचा आहे अशी तळटीपही ठोकून दिली. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा. म्हणजे माझ्या कालपटात सुरत आधी, शाहिस्तेखान नंतर. आधी खानाची नाचक्की, मग मोगलांची श्रीमंत बाजारपेठ, हा महाराजांच्या चढाईचा क्रमच मी उलटा केला.

अंक वाटून झाल्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी चूक दाखवली. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. देवदूताने मरियेला येशूच्या जन्माची वार्ता दिली तो हा सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्याचा जानेवारी १६६३ म्हणजे आपला जानेवारी १६६४.

सन हा निव्वळ आकडा असतो, असं मी धरून चाललो होतो. पण इसवी सन जन्मला तोच चर्चच्या गरजेतून. इ.स. ५२५ मध्ये रोममध्ये डायोनिसियस एक्झिग्युअस हा मठवासी ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करत होता. जुन्या कोष्टकात वर्षं सम्राट डायोक्लेशियनपासून मोजलेली. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याची आठवण नको, म्हणून त्याने येशूच्या अवतारापासून मोजणी धरली.

एवढं कळूनही मी पुन्हा चुकलो. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांतल्या आणि इंग्रजांच्या तारखा जशाच्या तशा एका यादीत लावल्या. पोप तेराव्या ग्रेगरीची १५८२ ची दिनदर्शिकेतली सुधारणा कॅथलिक पोर्तुगालने लगेच स्वीकारली, प्रॉटेस्टंट इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. शिवकालात दोघांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या पद्धतीची तारीख, नव्या पद्धतीने ती १६ जून येते. मराठी कागदांतली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ मात्र जागची हलत नाही.

गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदावर १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख दिसली, तर सन उतरवण्याआधी जंत्री उघडा आणि तिथी-वार ताडून पाहा.