कातळाचे दोन शब्द

हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील केआउहोऊच्या लहानशा बंदरातून सकाळी नौका सुटते. दक्षिणेस काही मैलांवर केआलाकेकुआचा उपसागर आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात श्वासासाठी वाकडी नळी धरून तेथील प्रवाळावर तरंगत राहण्यासाठी माणसे दूरदूरच्या देशांतून येतात. या जलविहाराला स्नॉर्केलिंग म्हणतात, आणि त्याच्या जाहिरातींतला निसर्ग नेहमी 'अस्पर्श' असतो. हा किनारा मात्र अस्पर्श नाही. येथल्या प्रत्येक खडकाला नाव आहे, आणि बहुतेक नावांमागे एखादी हकीकत आहे. ती ज्या भाषेत आहे ती भाषा नौकेवरील प्रवाशांपैकी जवळजवळ कोणालाच येत नाही, इतकेच.

नौका सुटून थोडा वेळ होतो न होतो तोच डाव्या हाताला कुआमोओचे काळे माळरान लागते. १८१९ मध्ये राजदरबारानेच जुने 'कापू' निर्बंध मोडून टाकले. त्यांच्या रक्षणासाठी केकुआओकालानी हा राजकुलातील पुरुष लढावयास उभा राहिला, आणि तो व त्याची पत्नी मानोनो दोघेही याच रणांगणावर पडली. नौकेचा वाटाड्या हे दोन वाक्यांत सांगतो. प्रवाशांचे लक्ष पुढच्या कड्यांतील गुहांकडे असते, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण गुहा खरोखरच पाहण्याजोग्या आहेत. वाहत्या लाव्हाचा वरचा थर निवून घट्ट होतो, आतला द्रव पुढे निघून जातो आणि पोकळ नळी मागे उरते. अशा नळ्यांची तोंडे समुद्राने येथे उघडी केली आहेत. लाट आत शिरते आणि फवारा होऊन बाहेर पडते.

अशा नौकेवर एखादे मराठी कुटुंब भेटणे आता नवलाचे राहिलेले नाही. एका सकाळी पुण्याच्या एका महाविद्यालयात भूविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी नौकेच्या कठड्याशी बसल्या होत्या. खलाशांमधील एक तरुण मुलगी किनाऱ्याकडे बोट दाखवून सांगत होती : गुळगुळीत, दोराच्या वळ्यांसारखा दिसणारा तो 'पाहोएहोए', आणि खडबडीत, पायाला कापणारा तो 'अआ'. प्राध्यापक सावरून बसले. दख्खनच्या पठाराचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर वर्णन करताना भारतातील भूवैज्ञानिक हेच दोन शब्द वापरतात. सह्याद्रीच्या घाटांत विद्यार्थ्यांना नेऊन त्यांनी ते उभा जन्म उच्चारले होते. त्यांनी मुलीला तो दुसरा शब्द पुन्हा म्हणावयास सांगितले. ती म्हणाली, तेव्हा आवाज आधी कंठात अडला, मग ऱ्हस्व अ आला, पुन्हा अडला, आणि मग दीर्घ आ. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी हवाईयन भाषेची वर्णमाला निश्चित केली तेव्हा या कंठातल्या अडण्याला तीत स्वतंत्र अक्षर मिळाले नाही. देवनागरीतही ते नाही.

"अहो," पत्नी म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही पोरांना शिकवलंत, आणि हा शब्द कुणाच्या तरी घरात बोलला जात होता!"

"हो ना," प्राध्यापक म्हणाले. "आमच्याकडे तो पुस्तकातूनच आला गं."

शब्दांच्या प्रवासाची ही एक चमत्कारिक रीत आहे. शास्त्राला ज्यांची गरज भासली ते शब्द जगभर गेले, आणि ज्या वाक्यांतून ते उचलले ती वाक्ये मागे राहून क्षीण होत गेली. संग्रहालयात पक्ष्याची पिसे असावीत, तसे.

उपसागरात शिरताच समोर उंच कडा उभा राहतो. त्याच्या गुहांत पूर्वी सरदारांच्या अस्थी ठेवीत. कड्याच्या उत्तरेस, काआवालोआच्या खडकाळ टोकावर, १८७४ मध्ये उभारलेला पांढरा स्तंभ आहे. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी कॅप्टन कुक येथे मारला गेला. जहाजाची डोलकाठी मोडल्यामुळे तो परतला होता. एक होडी चोरीस गेली, तिच्या बदल्यात राजा कालानिओपुऊ यास ओलीस धरण्याचा त्याने प्रयत्न केला, आणि त्यातून चकमक उसळली. हवाईच्या लोकांनी त्याला लोनो देवाचा अवतार मानले होते काय, यावर श्रीलंकेचे गणनाथ ओबेयसेकेरे आणि अमेरिकेचे मार्शल साहलिन्स यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले. साहलिन्स यांच्याजवळ पुराव्यांचा साठा अधिक होता; 'गोऱ्याला देव मानणारा भाबडा रानटी' ही कथा युरोपला इतकी का आवडली, हा ओबेयसेकेरे यांचा प्रश्न मात्र त्यामुळे संपला नाही. नौकेवर कुक देव म्हणूनच मरतो. ते सांगावयास सोपे जाते.

मग माणसे पाण्यात उतरतात आणि बोलणे थांबते. तोंडात नळी असल्यावर दुसरे काय होणार! कानांशी स्वतःच्या श्वासाचा आवाज, आणि खाली पोवळ्यांची पिवळट तपकिरी बोटे. त्यांच्यावरून पिवळेधमक मासे थव्याने जातात. 'ती' नावाच्या झाडाच्या पिकल्या पानावरून त्यांना लाउईपाला म्हणतात. 'उहू' मासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो आणि त्याचा चुरा पांढरी वाळू म्हणून टाकून देतो. पोवळ्यावर पाय ठेवू नये, अशी ताकीद आधीच मिळालेली असते. २०१५ मध्ये समुद्र तापला तेव्हा या किनाऱ्यावरील प्रवाळाची फार मोठी हानी झाली. प्रवाळास अपायकारक अशी दोन रसायने असलेल्या ऊनरक्षक मलमांच्या विक्रीस २०२१ पासून राज्यात बंदी आहे. समुद्राच्या तापण्यावर मात्र असा कायदा चालत नाही.

'कुमुलिपो' या हवाईयन सृष्टिस्तोत्रात अंधारातून प्रथम जन्मणारा जीव प्रवाळाचाच आहे. दोन हजारांहून अधिक ओळींचे हे स्तोत्र कंठस्थ परंपरेने चालत आले. पदच्युत राणी लिलिउओकालानी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे राज्य गेल्यावर आणि देश अमेरिकेला जोडला जाण्याच्या आदल्या वर्षी. कुळाची वंशावळ प्रसिद्ध करण्याची ती वेळ निव्वळ साहित्यिक नव्हती.

उपसागराच्या दुसऱ्या काठावर नापोओपोओ हे गाव आहे. तेथल्या हिकिआऊ मंदिरात ओपुकाहाइआ नावाचा एक पोरका मुलगा पौरोहित्य शिकत होता. १८०८ च्या सुमारास तो एका अमेरिकन जहाजावर चढला, कनेटिकटमध्ये शिकला, ख्रिस्ती झाला, स्वतःच्या भाषेचे व्याकरण रचू लागला आणि १८१८ मध्ये विषमज्वरासारख्या तापाने गेला. त्याचे चरित्र वाचून अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८२० मध्ये हवाईत आले. याच बोर्डाचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि त्यांनी तेथे मराठी छपाई सुरू केली. मराठीजवळ तेव्हा मोडी होती, देवनागरी होती, शतकांचे ग्रंथ होते. हवाईयनला छापखाना आणि लिपी जवळजवळ एकदमच मिळाली. तरी 'दर्पण' १८३२ चे आणि पहिले हवाईयन वृत्तपत्र 'का लामा हवाई' १८३४ चे. पुढे त्या भाषेत सुमारे शंभर नियतकालिके निघाली आणि लाखाहून अधिक पृष्ठे छापली गेली. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले, आणि १९४८ मध्ये शेवटचे वृत्तपत्र बंद पडले. ओपुकाहाइआच्या अस्थी १९९३ मध्ये नापोओपोओला परत आल्या. भाषेला राज्यघटनेत अधिकृत स्थान त्याआधीच, १९७८ मध्ये, मिळाले होते आणि १९८४ मध्ये तिच्या बालशाळा सुरू झाल्या होत्या.

नौकेवरील ती मुलगी अशाच एका शाळेत शिकलेली. घरी ही भाषा बोलता का, असे प्राध्यापकांनी परतीच्या वाटेवर तिला विचारले. ती म्हणाली, पणजीला येत होती. आजीला शाळेने बोलू दिली नाही, आणि आईला आजीने शिकविली नाही. धाकट्या भावाशी मात्र ती त्याच भाषेत भांडते.