दाढेचा फोटो निघाला, पुढे काय?

शाळेतल्या आरोग्य तपासणीत दात ही सगळ्यांत आधी दिसणारी आणि सगळ्यांत आधी विसरली जाणारी गोष्ट आहे. मूल ‘आ’ करते, तपासणाऱ्याला काळी पडलेली दाढ दिसते, कार्डावर खूण होते आणि रांग पुढे सरकते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांमधल्या अशा तपासण्या पाहताना माझे एक मत पक्के होत गेले. आपल्याकडे मुलांचे दात कोणी बघतच नाही, ही तक्रार खरी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणारी त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि तपासायच्या ३० आजार-दोषांच्या यादीत दातांची कीड आहेच. म्हणजे बघितले जाते, लिहिलेही जाते. अडते ते त्यानंतर. संदर्भ चिठ्ठी पालकांच्या हाती पडते, पण मूल दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही. मुलाच्या तोंडाचे फोटो दुसरीकडे बसलेल्या दंतवैद्याकडे पाठवून त्याचा सल्ला घेण्याची सोय आज सहज उभी करता येते. पण ती फक्त कीड शोधायला वापरली तर वाया जाईल. चिठ्ठी आणि खुर्ची यांच्यामधले अंतर कमी करायला वापरली, तरच खान्देशातल्या मुलांना तिचा उपयोग आहे.

चिठ्ठी वाटेत का गळते, हे आधी समजून घ्यायला हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. तो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, म्हणजे बहुतेक तालुक्याच्या गावी असतो. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडच्या पाड्यांना, तसेच साक्रीच्या पश्चिम पट्ट्याला तालुक्याचे गाव म्हणजे अख्ख्या दिवसाचा खाडा. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६साठी ३१२ रुपये ठरली होती. तेवढी बुडवून आणि वर एसटीचे भाडे भरून न दुखणारी दाढ दाखवायला कोण जाईल? त्यातच वर्षाचे गणित वेगळे. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी ऐन भरात येते, आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे त्याच सुमारास घर बंद करून निघतात, ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परततात. डिसेंबरात दिलेली चिठ्ठी अशा घरात वाचायला माणूसच नसतो. आणि चिठ्ठीवर असते तरी काय? ‘दात किडलेले, पुढील उपचारासाठी’. दाढेवरचा तपकिरी ठिपका असो की हिरडीवर आलेली पुवाची फोड, मजकूर तोच. किती घाई आहे हे ज्या कागदावर लिहिलेले नाही, त्या कागदासाठी मजुरी न बुडवणारा पालक निष्काळजी नसतो. हाती असलेल्या माहितीवर तो बरोबरच वागत असतो. मग दाढ ठणकेपर्यंत वाट पाहिली जाते, लवंगेचे तेल होते, कुठे तंबाखूची चिमूट दाबली जाते, मेडिकलमधून गोळी येते, आणि शेवटी दाढ काढण्यापलीकडे काही उरत नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते एका विशिष्ट दाढेचे. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, चार नव्या दाढा गुपचूप वर येतात. त्या कायमच्या असतात. पण जुना दात पडल्याशिवाय नवा येत नाही अशी घरातली समजूत असल्याने त्यांना दुधाच्याच धरले जाते. किडल्या तर ‘पडतीलच’ म्हणून सोडून दिले जाते. या दाढेच्या माथ्यावर खोल चिरा असतात. ब्रशचा केस त्यात नीट शिरत नाही, बिस्किटाचा लगदा मात्र शिरून बसतो, आणि दाढ पुरती वर येईपर्यंतच्या काळात ती ब्रशच्या टप्प्याखालीच राहते. पहिली-दुसरीत सुरू झालेली ही कीड पाचवी-सहावीपर्यंत नसेपर्यंत उतरू शकते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. या वयात चघळण्याचा मुख्य भार ज्या दाढेवर असतो, ती गेली तर ती परत येत नाही. म्हणून शाळेतल्या दंततपासणीने ‘किती दात किडले’ मोजण्याआधी ‘सहाव्या वर्षाची दाढ कशी आहे’ हे विचारले पाहिजे. आणि नेमका हाच प्रश्न चांगल्या फोटोवरून बऱ्यापैकी सुटतो, कारण दाढेचा माथा कॅमेऱ्याला दिसतो.

मला अभिप्रेत असलेली पद्धत साधी आहे. पथकातली परिचारिका प्रत्येक मुलाचे पाच फोटो काढते: समोरून मिटलेले दात, वरची पंगत, खालची पंगत, उजवी बाजू, डावी बाजू. त्यासाठी फोन, गाल बाजूला धरणारी प्लास्टिकची कड, तोंडात धरायचा छोटा आरसा आणि डोक्याला लावायची बॅटरी पुरते. कसब फोनमध्ये नसते, तयारीत असते. आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला नाही तर मुलाच्या श्वासाने धुरकटतो. दाढ कापसाने टिपली नाही तर लाळेवर फ्लॅश चमकतो आणि चिरेतली कीड त्या चकाकीत हरवते. मुलाने आधी चूळ भरली नसेल तर भाकरीचा कण किडीसारखा दिसतो. हे फोटो लगेच पाठवायची गरज नाही. संध्याकाळी पथक रेंजमध्ये आले की ते जातात आणि दंतवैद्य आपल्या सवडीने बघतो. त्याने निदानाचा निबंध लिहायचा नाही, तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगातल्या मुलांना पू, सूज किंवा खोल खड्डा आहे, त्यांना आठवड्याभरात खुर्चीवर बसवायचे. दुसऱ्या ढिगातल्यांचे काम शाळेतच होण्याजोगे आहे. तिसऱ्या ढिगातल्यांना नीट घासायला शिकवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहायचे. अशा वाटणीनंतर पहिल्या ढिगातल्या पालकाच्या हाती जी चिठ्ठी पडते, तिच्यावर तारीख असते, दवाखान्याचे नाव असते आणि आपल्या मुलाच्या दाढेचा फोटो असतो. अशा चिठ्ठीसाठी मजुरी बुडवायला माणूस तयार होतो.

हे हवेतले बोलणे नाही. अमेरिकेच्या लष्कराने दूरच्या तळांवरच्या सैनिकांसाठी असा प्रयोग १९९४मध्येच सुरू केला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये लहान मुलांच्या तोंडाचे छोट्या कॅमेऱ्याने घेतलेले फोटो पाहून दंतवैद्यांनी दिलेली मते प्रत्यक्ष तपासणीशी तुलना करता येतील इतकी जवळ आली. कॅलिफोर्नियात तर एक पाऊल पुढे जाऊन शाळांत आणि वृद्धाश्रमांत दंत-आरोग्य सहायकांनी फोटो आणि क्ष-किरण चित्रे पाठवायची, दंतवैद्याने दुरून योजना ठरवायची आणि साधे उपचार तिथेच करायचे अशी व्यवस्था उभी राहिली. तिच्यात सुमारे दोन-तृतीयांश लोकांची गरज जागेवरच भागली, आणि २०१४मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने अशा सल्ल्याचे पैसे देण्याचा कायदा झाला. माझ्या दृष्टीने या पुराव्यातला महत्त्वाचा भाग कॅमेऱ्याची अचूकता हा नाही, ‘तिथेच उपचार’ हा आहे. ड्रिलशिवाय कीड थांबवण्याचे मार्ग आज हाताशी आहेत. दाढेच्या चिरा बंद करणारे सिमेंट आणि किडीवर थेंबभर लावायचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमधल्या मोठ्या चाचणीत हे द्रव चिरा बंद करण्याइतकेच कामी आले, आणि ते लावण्यात परिचारिका दंतसहायकांपेक्षा कमी पडल्या नाहीत. किडलेली जागा त्याने काळी पडते, हा दोष आहे. पालकांना तो आधी सांगून, नमुन्याचा फोटो दाखवूनच हो म्हणवून घ्यायला हवे. मागच्या दाढेपुरता बहुतेकांना हा सौदा पटण्यासारखा आहे.

दंतवैद्यांचा पहिला आक्षेप असा की फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. दोन दातांच्या मधली कीड त्यात दिसत नाही, नुकती सुरू झालेली पांढुरकी झाक निसटते, हलणारा दात हलताना कळत नाही. हे सगळे खरे आहे. पण तुलना कशाशी करायची? क्ष-किरणासह खुर्चीतल्या तपासणीशी केली तर फोटो हरणारच. आज शाळेत जे प्रत्यक्ष होते, म्हणजे दंतवैद्य नसलेल्या डॉक्टरने काही सेकंदांत, खिडकीच्या उजेडात टाकलेली नजर, तिच्याशी केली तर पाच स्वच्छ फोटो आणि त्यावर दंतवैद्याचे मत हे नक्कीच वरचढ आहे. शिवाय इथे फोटोला निदान करायचे नसून क्रम लावायचा आहे. शंका असेल त्या मुलाला वरच्या ढिगात टाकावे, म्हणजे चूक झाली तरी एका फुकटच्या फेरीची होईल, गेलेल्या दाढेची नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पोषण आहार, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे करून मास्तरांनी आता दाढांचे फोटोही काढायचे काय? नाही. हे काम शाळेचे नव्हे, आरोग्य पथकाचे आहे. शाळेने यादी, संमतीपत्र आणि उजेडाची खोली द्यावी, एवढेच. संमतीपत्र मात्र उपचारासारखेच गांभीर्याने घ्यायला हवे. मुलाचा चेहरा फोटोत येऊच नये, फोटो कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू नयेत, आणि ते कुठे, किती काळ ठेवणार हे पालकांना मराठीत आणि गरज पडेल तिथे पावरीत किंवा अहिराणीत सांगावे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम केला आहे. डॉक्टरांसाठीच्या २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसारही अल्पवयीन मुलासोबत मोठे माणूस असल्याशिवाय सल्ला देता येत नाही. आश्रमशाळांत पालक दूर असतात, म्हणून ही संमती जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवलेली बरी.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: गरिबाच्या मुलाला फोटो आणि शहरातल्या मुलाला डॉक्टर, हा न्याय कुठला? फोटो जर डॉक्टरच्या जागी येणार असेल तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कॅमेरा आला म्हणून ग्रामीण रुग्णालयातले दंतवैद्याचे पद रिकामे ठेवायला कुणाला निमित्त मिळता कामा नये. उलट कोणत्या तालुक्यात किती मुले पहिल्या ढिगात आहेत हा आकडा एकदा कागदावर आला, की रिकामे पद झाकून ठेवणे अवघड होते. त्याच्याच जोडीची भीती म्हणजे शिबिराच्या नावाखाली खासगी दवाखान्यांनी गिऱ्हाईक शोधणे. म्हणून फोटो बघणारा आणि उपचाराचे पैसे घेणारा एकच नसावा. आणि शेवटचा आक्षेप, की हे सारे करण्यापेक्षा मुलांना ब्रश-पेस्ट द्या. जरूर द्या. फ्लोराइडच्या पेस्टने रोज दोनदा घासणे यासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही, आणि ज्या घरात मिसरीने दात घासले जातात तिथे तर ती डबी मुलाच्या हाती जाऊ न देणे हेच पहिले काम. पण ब्रश उद्याची कीड थांबवतो. आज दाढेत पडलेला खड्डा तो बुजवत नाही.

यासाठी नवे काही उभारावे लागेल असे मला वाटत नाही. पथके आहेत. दूरवरच्या सल्ल्याची ई-संजीवनी ही सरकारी व्यवस्था नोव्हेंबर २०१९पासून चालू आहे आणि फेब्रुवारी २०२३मध्ये तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातल्या आंतरवासीय विद्यार्थ्यांनी आणि सामाजिक दंतवैद्यक विभागाने दोन्ही जिल्ह्यांचे फोटो बघणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होऊ शकतो. सुरुवात यावल आणि धुळे आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांपासून करावी, कारण तिथे मुले एका जागी राहतात आणि रात्रीचे घासणे अधीक्षकांच्या देखत करून घेता येते. फोटो जून-जुलैत निघावेत, शाळेतले उपचार ऑगस्टात व्हावेत आणि पहिल्या ढिगातल्या मुलांचे उपचार दसऱ्याआधी पूर्ण व्हावेत, म्हणजे वेचणी आणि ऊसतोड आडवी येणार नाही. वर्षाअखेरच्या अहवालात किती फोटो काढले हा रकानाच नसावा. पहिल्या ढिगातल्या किती मुलांचे उपचार पूर्ण झाले आणि तिसरीतल्या किती मुलांच्या सहाव्या वर्षाच्या चारही दाढा शाबूत आहेत, हे दोनच रकाने असावेत. ते आकडे दोन-तीन वर्षांत हलले नाहीत तर ही योजना बंद करावी आणि तो पैसा पेस्ट-ब्रशवर आणि दंतवैद्यांच्या रिकाम्या पदांवर खर्च करावा, असे म्हणायला मी मागेपुढे पाहणार नाही.