रिकाम्या प्रेक्षागारातली मैफल

दोस्तांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. सहावीत असताना मी माझ्या दादाची एक कॅसेट बिघडवली होती. आणि त्याची भरपाई करायला मला पार इटलीपर्यंत जावं लागलं!

कॅसेट म्हणजे काय, ते आई-बाबांना विचारा. तिची बाहेर आलेली फीत पेन्सिल घालून आत कशी गुंडाळायची, हेही ते तुम्हाला मोठ्या उत्साहानं दाखवतील. तर १९८५ सालची ही गोष्ट. आम्ही सांगलीला राहायचो आणि दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. एकदा घरी येताना त्यानं साठ मिनिटांची एक कॅसेट आणली. मित्राच्या तबकडीवरून भरून घेतलेली. तिच्यावर इंग्लंडमधल्या ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या बँडची गाणी होती. (लग्नात वाजतो तो बँड नव्हे, बरं का!) एका बाजूला पाच गाणी आणि दुसऱ्या बाजूला फक्त एक. त्याचं नाव ‘एकोज’, म्हणजे प्रतिध्वनी. साडेतेवीस मिनिटांचं एकच गाणं! आजी माळ ओढता ओढता म्हणाली, “याला शेवट आहे की नाही रे?”

१ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा होती. आपलं भाषण कसं ऐकू येतं ते मला पाहायचं होतं. दादा अंघोळीला गेला होता. मी ती कॅसेट लावून बघितली, तर काय? गाणं नाही, ठेका नाही, शब्द नाहीत. नुसता वारा घोंघावतोय आणि लांबून कावळे ओरडताहेत. मला वाटलं, टेप खराब झाली आहे! मग मी लाल बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात चार मिनिटं भाषण ठोकलं.

ते ‘एकोज’च्या बरोब्बर मधोमध भरलं गेलं.

स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि घरात दादाचा अबोला. तो सुटला थेट राखीपौर्णिमेला.

पुढे दादा नोकरीला लागला, त्याचे केस पांढरे झाले, पण पिंक फ्लॉइडचं वेड काही कमी झालं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये या बँडचा एक जुना सदस्य रॉजर वॉटर्स मुंबईत गायला आला, तेव्हा दादा रात्रभर एस्टीत बसून गेला होता. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. सगळ्यांनी विचारलं, आता काय, काशीयात्रा? दादा म्हणाला, “नाही. पॉम्पेई.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू येणार आहेस. तुझे चार मिनिटं देणं बाकी आहे.”

म्हणून त्या ऑक्टोबरात आम्ही नेपल्सहून व्हेसुव्हियसच्या पायथ्यानं जाणाऱ्या छोट्या लोकल गाडीत बसलो. गाडी आपल्या लोकलसारखीच खच्चून भरलेली. डाव्या हाताला तो ज्वालामुखी सारखा दिसत राहतो. इतका शांत की वाटावं, याच्या हातून काही झालंच नसेल. पण इसवी सन ७९ मध्ये याच डोंगरानं पॉम्पेई शहर राखेखाली आणि दगडांखाली गाडून टाकलं. ते जवळजवळ सतराशे वर्षं तसंच झाकलेलं होतं.

पॉम्पेईबद्दल तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. गाड्यांच्या चाकांनी दगडी रस्त्यांत पडलेल्या खाचा, पाय न भिजवता रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड, भट्ट्यांसकट बेकऱ्या, हे सगळं पाहण्यासारखं आहेच. मला प्रत्येक दारापाशी थांबायचं होतं. पण दादा ऐकेल तर ना! तो आपला ढांगा टाकत पुढे. कारण त्याला जिथं जायचं होतं ते ठिकाण शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. उन्हात किलोमीटरभर पायपीट केल्यावर ते दिसलं. अँफिथिएटर!

मुलांनो, मधे मातीचा लंबगोल आखाडा आणि भोवती चढत गेलेल्या दगडी पायऱ्या अशी याची रचना. इसवी सनापूर्वी ७० च्या सुमारास बांधलेलं. दगडी अँफिथिएटरांपैकी आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं. सुमारे वीस हजार माणसं इथं बसायची आणि खाली ग्लॅडिएटर नावाचे योद्धे एकमेकांशी लढायचे. प्रेक्षकही काही कमी नव्हते हं! इसवी सन ५९ मध्ये पॉम्पेईचे आणि शेजारच्या नुकेरिया गावाचे प्रेक्षक एकमेकांना आधी टोमणे मारू लागले, मग दगड आणि शेवटी शस्त्रं. कितीतरी माणसं मेली. रोमच्या सरकारनं चिडून इथल्या खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. या दंगलीचं रंगवलेलं भित्तिचित्र सापडलं आहे. ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

आता १९७१ मध्ये या. त्या उन्हाळ्यात एड्रियन मेबेन नावाचा एक तरुण चित्रपट दिग्दर्शक मैत्रिणीबरोबर पॉम्पेई बघायला आला होता. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, पासपोर्ट हरवला! दुपारी अँफिथिएटरमध्ये बसून सँडविच खाल्लं होतं, तिथंच पडला असणार. पहारेकऱ्यांची मनधरणी करून तो एकटाच आत शिरला. अंधारून येत होतं. वटवाघळं उडत होती. किड्यांची किरकिर त्या दगडी वाडग्यात घुमून मोठी होत होती. आणि वीस हजार जागा रिकाम्या! पासपोर्ट शोधता शोधता त्याच्या डोक्यात आलं की पिंक फ्लॉइडनं वाजवावं तर इथंच. आणि समोर कोणीही नसताना.

कल्पना विचित्र वाटते ना? पण त्याचं म्हणणं असं होतं: रॉक संगीताच्या चित्रपटांत त्या काळी गर्दीच फार दिसायची. नाचणारे, ओरडणारे, हात हलवणारे हजारो लोक. मग संगीताकडे कोण बघणार? गर्दीच काढून टाकली तर?

पिंक फ्लॉइडला ही कल्पना शोभणारी होती. रॉकचं साधारण गाणं तीन मिनिटांचं, ठेक्याचं, चटकन तोंडात बसणारं. पण १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुणांना एवढ्यानं भागेना. गाणं हळूहळू उलगडावं, त्याचे वेगवेगळे भाग असावेत, त्यात नवे नवे आवाज यावेत असं त्यांना वाटू लागलं. अशा संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणू लागले. आपले गवई ख्याल गाताना घाई करतात का? तसंच काहीसं समजा. वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे तिघं लंडनमध्ये वास्तुशास्त्र शिकताना एकत्र आले. सुरुवातीला त्यांची बहुतेक गाणी सिड बॅरेट लिहायचा. तो मनानं आजारी पडला आणि १९६८ मध्ये बँडबाहेर गेला. त्याच्या जागी आला डेव्हिड गिल्मर. पॉम्पेईला आले तेव्हा या चौघांची वयं होती पंचवीस ते अठ्ठावीस.

अँफिथिएटर शूटिंगसाठी बंद ठेवायला सरकारी अधिकारी तयार होईनात. तेव्हा धावून आले नेपल्स विद्यापीठातले प्राध्यापक कार्पुती. ते स्वतःच पिंक फ्लॉइडचे चाहते निघाले! त्यांनी सहा दिवस मिळवून दिले. बँडची अट एकच: खोटं खोटं ओठ हलवणार नाही, खरंखुरं वाजवणार. म्हणून सगळी यंत्रं लंडनहून ट्रकनं आणली. जोडली. आणि कळलं की इथं पुरेशी वीजच नाही! शेवटी गावातून लांबलचक केबल ओढत आणली. हातातल्या मोजक्या दिवसांतले काही असेच गेले. मग ४ ते ७ ऑक्टोबर १९७१ या चार दिवसांत चित्रीकरण उरकलं. चित्रपट १९७२ मध्ये लोकांनी पाहिला. काही भाग नंतर पॅरिसमध्ये घेतलेला आहे. त्यात एक कुत्री माइकपुढे सूर लावून चक्क गाते. तो भाग तुम्ही जरूर बघा!

दादानं मला तो चित्रपट विमानात दाखवला होता. त्यात मेसन तुफान ड्रम वाजवत असताना एक काठी हातातून निसटते. पठ्ठ्या ठेका न चुकवता दुसरी उचलतो! त्या गाण्यात सगळा वेळ मेसनच का दिसतो, ठाऊक आहे? बाकीच्यांच्या चित्रीकरणाची काही रिळं हरवली म्हणून. चाहत्यांना असं सगळं पाठ असतं.

तसे चाहते तिथं आमच्या आधीच आले होते. टी-शर्टवरूनच ओळखू येत होते. काळ्या कापडावर त्रिकोणी लोलक आणि त्यातून निघालेले रंग. एक बाप आणि त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर जुनं दृश्य लावून जमिनीवर पावलं मोजत होते. ड्रम इथं, ऑर्गन तिथं, असं चाललं होतं. दादा लगेच सामील. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, त्यांना आमची. पण ड्रमची जागा दोन पावलं चुकलीय, हे दादानं त्यांना खाणाखुणांनी पटवून दिलंच.

मग आम्ही सावलीला एका दगडावर बसलो. दादानं इयरफोनचं एक टोक मला दिलं, एक स्वतःच्या कानात घातलं आणि ‘एकोज’ लावलं.

टिंग.

पाण्यात थेंब पडावा तसा एकच सूर. राइटनं तो पियानोवर वाजवून फिरत्या स्पीकरमधून काढला होता. थोडं थांबून पुन्हा, टिंग. मग एक एक वाद्य येत जातं. गिल्मर आणि राइट दोघं मिळून गातात, इतकं एकजीव की कोणाचा आवाज कोणता ते कळत नाही. मग गिटार आणि ऑर्गन यांचा सवाल-जवाब रंगतो. आणि मग सगळं विरघळत जातं. वारा सुटतो. कावळे येतात. खोल समुद्रात देवमासा विव्हळावा तसा आवाज येतो. तो गिटारचाच आहे! पायानं दाबायच्या एका यंत्राच्या वायरी एकदा चुकून उलट्या जोडल्या गेल्या आणि तो आवाज सापडला. “त्यांच्या चुकीतून हे निघालं,” दादा म्हणाला, “आणि तुझ्या चुकीतून टिळक.”

मी काही बोलले नाही. कारण त्या चार मिनिटांत काय होतं, ते मी पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होते. तिथं काहीच नाही असं मला वाटलं होतं ना? पण अंधारातून ते गाणं परत वर येण्याची तयारी तिथंच चालते. टिंग पुन्हा तिथंच येतो. तो भाग कापला तर शेवटच्या गाण्याला अर्थच उरत नाही. आणि दादा कॉलेजची सगळी वर्षं तसंच कापलेलं गाणं ऐकत होता.

गाणं संपल्यावर दादानं मला आणखी एक सांगितलं. जुलै २०१६ मध्ये गिल्मर जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी इथं परत आला आणि दोन रात्री वाजवून गेला. या वेळी लोक होते, रोज अडीच हजारांच्या आसपास. ते खाली आखाड्यात उभे होते, जिथं पूर्वी ग्लॅडिएटर लढायचे. पॉम्पेईनं त्याला मानद नागरिक केलं. २०२३ मध्ये मेसनही आपला नवा बँड घेऊन येऊन गेला. पण गिल्मरनं २०१६ मध्ये ‘एकोज’ वाजवलं नाही. १९७१ मधलं एकच गाणं घेतलं, तेही दुसरंच. कारण राइट २००८ मध्ये वारला होता. तो सवाल-जवाब आम्हा दोघांचा होता, दुसऱ्याला शिकवून तो येणार नाही, असं गिल्मरचं म्हणणं. लोक हजर होते, जागा तीच होती, फक्त जवाब देणारा नव्हता.

(आम्ही परत आल्यावर, २०२५ मध्ये, तो जुना चित्रपट घासूनपुसून स्वच्छ करून पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला. हेही तुमच्या माहितीसाठी.)

चार वाजत आले होते. सहलीचे घोळके पांगले होते. पायऱ्यांवर गवत हलत होतं. आखाड्यात आम्ही दोघं, ते बाप-लेक आणि लांब दरवाजाशी एक रक्षक. दादा उठला, कपडे झटकले आणि चालत चालत बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. मला वाटलं, टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकणार असेल. त्यानं घसा साफ केला, हात मागे बांधले आणि सहावीतल्या मुलीच्या चालीवर खणखणीत आवाजात सुरू केलं:

“अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो...”

चारही मिनिटं त्याला पाठ होती! मी जिथं अडखळले होते तिथं तोही अडखळला. जिथं आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली होती आणि मी “आले गं” म्हटलं होतं, तिथं तोही “आले गं” म्हणाला. बाप-लेकांनी फोन खाली ठेवले आणि ते अगदी मन लावून ऐकू लागले. शेंगांच्या टरफलांपर्यंत दादा पोचला, तेव्हा रक्षक शिट्टी वाजवत आमच्या दिशेनं निघाला होता.