पाकळीयुक्त ल, अख्ख्या फोनवर

मोबाइलसाठी देवनागरी फॉन्ट करायला घेतला तेव्हाच ठरवलं होतं, की अख्खा फोन या अक्षरांत वाचून झाल्याशिवाय फाइल कुणाच्या हाती द्यायची नाही. चाचणीसाठी एक छोटं ॲप केलं, त्यात फॉन्ट घातला, परिच्छेद छान दिसले. पण लोक फोनवर मराठी वाचतात ते काही परिच्छेदांत नाही. कॉन्टॅक्टच्या यादीत, नोटिफिकेशनच्या पट्टीत, बँकेच्या मेसेजमध्ये, सेटिंग्जच्या मेन्यूत वाचतात. तिथली अक्षरं फोनची स्वतःची असतात. ॲपमध्ये घातलेला फॉन्ट ॲपच्या उंबऱ्याबाहेर जात नाही.

मला विशेष काळजी होती ती ल आणि श यांची. शासनाने 2009मध्ये मराठीची वर्णमाला प्रमाणित केली आणि नोव्हेंबर 2022च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचं पुन्हा स्पष्ट सांगितलं. युनिकोडमध्ये मात्र ल एकच. हिंदी वळणाचा दंडयुक्त असो की मराठीचा पाकळीयुक्त, त्याचा क्रमांक बदलत नाही. रूप ठरतं फॉन्टमध्ये. माझ्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं होती आणि मजकुराची भाषा मराठी असेल तर पाकळीचा ल पुढे यावा अशी सोय केली होती. ती सोय प्रत्यक्ष फोनमध्ये कुठे चालते आणि कुठे नाही, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

अँड्रॉइडचे फॉन्ट सिस्टिमच्या एका फोल्डरमध्ये राहतात आणि तो फोल्डर फक्त वाचण्यापुरता खुला असतो. तिथली फाइल बदलायची तर रूट, म्हणजे प्रशासकाचा अधिकार लागतो. खऱ्या फोनवर त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि तो उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. वर पैसे पाठवायची आणि बँकेची बरीच ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. माझा रोजचा व्यवहार त्याच फोनवर. सॉफ्टवेअरमधल्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, “फोनला हातसुद्धा लावू नकोस. अँड्रॉइड स्टुडिओ उतरवून घे आणि एम्युलेटरवर रूट घे. बिघडलाच तर पुसून नवा करशील.”

एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा पूर्ण फोन. लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं, नाहीतर तो रखडत चालतो. अँड्रॉइड स्टुडिओतून फोनचा आकार निवडायचा आणि सिस्टिम इमेज उतरवायची. मी मुद्दाम कमी रिझोल्यूशनचा, स्वस्तातल्या फोनसारखा पडदा घेतला. अक्षराची खरी परीक्षा तिथेच होते.

सिस्टिम इमेज निवडण्यातच सगळी मेख आहे. प्ले स्टोअर असलेली इमेज खऱ्या फोनला जास्त जवळची, म्हणून आधी तीच चालवली. एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन. टर्मिनलमध्ये ‘एडीबी रूट’ टाइप केलं आणि उत्तर आलं: प्रॉडक्शन बिल्डमध्ये रूट म्हणून चालता येणार नाही. प्ले स्टोअर असलेल्या इमेज विकायच्या फोनसारख्याच कुलूपबंद केलेल्या असतात. त्यांच्या शेजारीच ‘गूगल एपीआय’ नावाच्या, प्ले स्टोअर नसलेल्या इमेज मिळतात. त्या विकासकांसाठी बांधलेल्या, आणि त्यांत हा अधिकार मागितला की मिळतो. कुठलं चोरटं साधन नको, कुठली फट शोधायला नको. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रूट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हॅकर येतो, आणि इथे तर अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीच दार ठेवलं आहे.

अँड्रॉइड 13ची तशी इमेज घेतली. ‘एडीबी शेल’ उघडल्यावर ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह होतं. ‘आयडी’ विचारल्यावर क्रमांक आला 2000, म्हणजे साधा शेल वापरणारा. बाहेर पडून ‘एडीबी रूट’ दिलं, परत आत गेले, तर डॉलरच्या जागी हॅश उभा आणि क्रमांक शून्य. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे आणि तिथे शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला बहुतेक सगळं करता येतं. प्रत्येक ॲपलाही वेगळा वापरकर्ता समजून दहा हजारांच्या पुढचा क्रमांक देतात, म्हणून एकाचा डेटा दुसऱ्याला दिसत नाही. शून्याला या भिंती नाहीत.

तरी सिस्टिमचा फोल्डर अजून बंदच होता. एम्युलेटर सुरू करतानाच ‘रायटेबल सिस्टिम’ हा पर्याय द्यावा लागतो. मग ‘एडीबी रिमाउंट’, एकदा रीबूट, पुन्हा रूट, पुन्हा रिमाउंट. तो पर्याय न देता फोन सुरू केला की मूळ सिस्टिम जशीच्या तशी समोर येते, हेही बरंच. अँड्रॉइडसोबत येणाऱ्या, देवनागरीच्या नोटो सान्स फॉन्टच्या तिथे दोन फाइली आहेत: एक ऐसपैस, आणि दुसरी मेन्यूंसारख्या अडचणीच्या जागांसाठी, उंची आवरलेली. माझ्या फाइलींना तीच नावं देऊन त्या तिथे ढकलल्या, म्हणजे फॉन्टच्या यादीची फाइल बदलावी लागली नाही. मग ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ या दोन आज्ञांनी अँड्रॉइडचा वरचा थर पुन्हा उभा केला.

आणि सगळा फोन माझ्या अक्षरांत बोलू लागला. लॉक स्क्रीनवरचा वार, कॅलेंडरमधले महिने, सेटिंग्जमधली प्रत्येक ओळ. मी खुर्ची ओढून एक-एक मेन्यू वाचत बसले.

जे ॲपमध्ये कधीच दिसलं नसतं ते इथे दिसलं. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून डोक्यावर बसतात. परिच्छेदात ते सुरेख दिसत होते. नोटिफिकेशनच्या शीर्षकात मात्र अनुस्वाराचा वरचा काठ छाटला गेला होता. ‘उद्धृत’मधला ऋकार खालच्या ओळीला टेकत होता. ‘वाऱ्यासह’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र, तो वळणदार, मराठीचा खास, लहान आकारात इतका बारीक झाला की आडव्या रेघेसारखा वाटू लागला. रफार खाली घेतला, त्या अर्ध्या र ची जाडी वाढवली, फाइल पुन्हा ढकलली, स्टॉप, स्टार्ट. हे चक्र किती वेळा फिरलं असेल त्याची मोजदाद नाही, पण दर फेरीला लागायची ती थोडीशी मिनिटं. खऱ्या फोनवर हे काम मी केलंच नसतं.

आता ल. फोनची भाषा मराठी केली तर पाकळीचा ल, देठाचा श. हिंदी केली तर दंडाचा ल, गाठीचा श. अगदी हवं तसं. मग भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी ठेवली आणि मराठी मेसेज उघडला. तिथे सोय लागू झाली नाही. फॉन्टमध्ये मूळ रूप म्हणून ठेवलेला दंडाचा ल आला. महाराष्ट्रात कितीतरी जण फोन इंग्रजीत ठेवतात आणि घरच्यांशी मराठीत लिहितात. त्यांना आपलं अक्षर दिसू नये, हे मला पटेना. म्हणून फॉन्टची मांडणी उलटी केली: मूळ रूप मराठीचं, आणि भाषा हिंदी असेल तेव्हा हिंदीचं. देवनागरी फॉन्ट करणाऱ्या मराठी माणसाने हाच क्रम ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

एम्युलेटरने सगळं कळतं असं नाही. उन्हात पडदा कसा दिसतो, ओल्या बोटाखाली अक्षर किती झाकलं जातं, कंपन्या आपापल्या फोनमध्ये काय फेरफार करतात, हे हातात फोन घेऊनच बघावं लागतं. पण अक्षराची उंची आणि भाषेचं गणित इथेच सुटतं, आणि तेही लॅपटॉपपलीकडे काही खर्च न करता.

पुढची फेरी अँड्रॉइड 15च्या इमेजवर करायची आहे. त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपमध्ये आवळलेल्या उंचीऐवजी ऐसपैस उंची आपोआप लागू होते. त्यामुळे खाली ओढलेला रफार तिथे पुन्हा वर न्यायला जागा मिळेल.