आधी उंच-ठेंगणे, मग फूटपट्टी



धानाच्या दोन ओळींत २० सेंटीमीटर आणि दोन चुडांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवा, हे सांगत मी भंडारा जिल्ह्यातले धुरे तुडवत आलो आहे. सांगता सांगता एक गोष्ट ध्यानात आली. १५ सेंटीमीटर म्हणजे नेमके किती, हे शिकल्यासवरल्या माणसालाही डोळ्यांनी सांगता येत नाही. शाळेत फूटपट्टी हाती आलेली असते, पण वहीत समास आखण्यापुरती. माप डोळ्यांत बसते ते लहानपणी, आणि त्यासाठी घर, अंगण आणि बांधी एवढे पुरते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. महागडी साधने न आणता पाने, खडे, बिया, काड्या यांवरच त्यांनी मुलांना शिकविले. आपल्याकडे तर या वस्तूंना तोटा नाही.

सुरुवात आकड्यांनी करू नका, तुलनेने करा. तीन-चार वर्षांचे लेकरू ओट्यावर उभे राहून म्हणते, "मी दादापेक्षा उंच!" त्याला हसू नका. खाली उतरवा, दोघांना एका जमिनीवर पाठीला पाठ लावून उभे करा आणि पुन्हा विचारा. पाय एका पातळीत हवेत, हे त्याचे त्यालाच उमगेल. काड्यांचेही तसेच, खालची टोके जुळवायची आणि मग वर पाहायचे. दोन काड्या जमल्या की तिसरी द्या. मधली काडी एकीपेक्षा उंच आणि दुसरीपेक्षा ठेंगणी, हे मुलाला पटकन कळत नाही. तेथे घाई करू नका. पऱ्हे उपटताना पाच रोपे द्या आणि उंचीप्रमाणे लावायला सांगा.

पवनी तालुक्यात एका रोवणीला गेलो होतो. दोरीला अंतरा-अंतरावर चिंध्या बांधल्या होत्या. आईबरोबर आलेली सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "साहेब, या दोन चिंध्यांत जागा जास्त हाये." मोजले, तर खरोखरच एक चिंधी सरकली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की तिची आजी खराटे बांधते आणि काड्या लहान-मोठ्या लावायचे काम नातीकडे असते. फूटपट्टी तिने अजून हातात धरली नव्हती.

पुढची पायरी वितीची. खाट तुम्ही तुमच्या वितीने मोजा, मुलाला त्याच्या वितीने मोजू द्या. तुमच्या ८ भरतील, त्याच्या १४ भरतील. खाट एकच, मग आकडे दोन कसे? उत्तर लगेच सांगू नका, त्याला डोके खाजवू द्या. ज्याची त्याची वीत वेगळी, म्हणून सर्वांचे माप एक हवे. याच गरजेपोटी १९५६ साली देशात कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने मीटर, किलो, लिटर आले. आता बांबूची सरळ कमची घ्या, टेपने १ मीटर मोजून कापा आणि दर १० सेंटीमीटरला खाच पाडा. कमची उचलून पुढे ठेवताना मध्ये जागा सुटू नये आणि एकावर एकही येऊ नये, एवढे दाखवून द्या. मग दार, चूल, तुरीचे झाड, काय हवे ते त्याला मोजू द्या.

घरात जुनी पायली असेल तर तीही काढा. एकदा काठोकाठ भरा, एकदा शीग लावून भरा. शिगेचे धान वेगळे काढून दाखवा. घेणाऱ्याने शीग लावून घ्यायचे आणि देताना काठाला हात फिरवून द्यायचे, या रीतीत कुणब्याचे किती धान गेले असेल! आज धान किलोवर विकले जाते, तरी काट्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायची सवय याच वयात लागते. ही सवय मुलाइतकीच मुलीलाही लावा. उद्या सातबाऱ्यावरचे हेक्टर आणि आर तिलाही वाचायचे आहेत.

शेवटी एक काम. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात. त्या दिवशी प्रत्येक लेकराला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे करा, डोक्यावर पाटी आडवी धरा, रेघ ओढा आणि तारीख लिहा. दोन ते पाच वर्षांचे मूल वर्षाला साधारण ६ ते ८ सेंटीमीटर वाढते. रेघ फारशी वर सरकली नाही, तर थांबू नका. अंगणवाडीच्या ताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा. पिकाची वाढ खुंटली तर आपण धुऱ्यावर जाऊन पाहतोच ना?