आवाजाऐवजी उजेड



आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण म्हणून वाचायचं सोडू नका. घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा आहे.

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर. सकाळी यांचा दुकानाचा हिशेब, दुपारी सासूबाईंचं टायपिंग, संध्याकाळी लेकीचा अभ्यास. पावसाळ्यात एक दिवस लेक म्हणाली, "आई, स्क्रीन मध्येच लखकन चमकते. डोळे दुखतात." मी बसून पाहिलं. खरंच, काही काम चालू असताना सगळा पडदा क्षणभर पांढरा झाल्यासारखा होई आणि पुन्हा जागेवर येई.

अशा वेळी घरात प्रत्येकाचं एक निदान असतं. हे म्हणाले, व्हायरस. लेक म्हणाली, जुना झालाय, नवा घ्या. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला, तर तिथल्या मुलाने न बघताच सांगितलं, "काकू, स्क्रीन बदलावी लागेल." मी म्हटलं, खर्च करायच्या आधी दोन दिवस नुसतं बघू या. दूध नासलं तर आपण लगेच दूधवाल्याला बोल लावत नाही. पातेलं बघतो, विरजणाचा चमचा लागला होता का ते आठवतो. तसंच हे.

लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली, पडदा चमकला की त्या वेळी आपण काय करत होतो ते. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. नुसतं वाचत बसलं तर तासभरही काही होत नाही. पण "सेव्ह करायचं का?" असा चौकोन उघडा असताना त्याच्या बाहेर क्लिक केलं की चमकतो. आवाज कमी-जास्त केला की चमकतो. थोडक्यात, जिथे कॉम्प्युटर 'टिंग' करतो, तिथे हा चमकत होता. लेकीने अभ्यासासाठी आवाज बंद ठेवलेला असायचा, म्हणून ती टिंग आमच्या कुणाच्या कानावर पडत नव्हती, नुसता उजेड दिसत होता.

पडदा किंवा वायर खराब असती तर ती अशी वेळ साधून चमकली नसती. आणखी एक सोपी तपासणी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. पडदा सारखा लुकलुकत असेल आणि टास्क मॅनेजरही त्याच्याबरोबर लुकलुकत असेल, तर दोष बहुधा डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये असतो. बाकी सगळं लुकलुकतंय पण टास्क मॅनेजर स्थिर आहे, तर एखादं ॲप बिघडलेलं असतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आमचा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, सांगितलेलं काम चोख करत होता. प्रश्न एवढाच, की त्याला हे सांगितलं कुणी?

विंडोजचं बटण आणि यू एकत्र दाबलं की ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडतं. विंडोज 11 मध्ये तिथे ऑडिओ या भागात 'फ्लॅश माय स्क्रीन ड्युरिंग ऑडिओ नोटिफिकेशन्स' अशी ओळ आहे. सूचनेचा आवाज झाला की पडदा चमकवायचा, असा तिचा अर्थ. पुढे चार पर्याय: कधीच नाही, चालू खिडकीची फक्त वरची पट्टी, चालू खिडकी, किंवा सगळा पडदा. विंडोज 10 मध्ये हेच 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये ऑडिओच्या खाली 'शो ऑडिओ अलर्ट्स व्हिज्युअली' या नावाने सापडतं. आमच्याकडे 'सगळा पडदा' निवडलेला होता.

लेक म्हणाली, "झालं तर मग, बंद कर." माउस हातातच होता. पण असली गोष्ट चुकून एखादं बटण दाबल्याने चालू होत नाही. चार पायऱ्या आत जाऊन कुणीतरी ती निवडावी लागते. ज्याने निवडली, त्याला ती हवी होती. म्हणून आधी विचारायचं ठरवलं.

रात्री सगळे असताना विचारलं. हे नाही म्हणाले. सासूबाई गहू निवडत होत्या. मी त्यांच्या समोर बसून पुन्हा विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी करून घेतलंय. सुट्टीला आला होता ना पुतण्या, त्याच्याकडून."

आमच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. वय 71. गावातल्या मंदिराच्या पाठशाळेच्या प्रश्नपत्रिका त्याच टाइप करतात. कॉम्प्युटर टिंग करून काहीतरी विचारतोय हे त्यांना कळायचं नाही. चौकोन मागे उघडा राहायचा, त्या पुढे बटणं दाबत राहायच्या आणि काही हलायचं नाही. एकदा बॅटरी संपत आल्याची सूचना कळली नाही आणि पूर्ण झालेली प्रश्नपत्रिका गेली. पुतण्याने ते पाहिलं आणि आवाजाच्या जागी उजेड लावून दिला. "तेव्हापासून एकही पेपर गेला नाही," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हाला ऐकू कमी येतंय हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"ऐकू येत नाही म्हटलं की लोक आधी मोठ्याने बोलतात, मग थोडंच बोलतात, आणि मग बोलायचंच सोडतात. माझ्या आईचं बघितलंय मी."

त्या रात्री आणखी एक उलगडा झाला. गेल्या वर्षी त्यांनी पाठशाळेचा वर्ग सोडला होता. गुडघे दुखतात म्हणाल्या होत्या. गुडघे दुखतात हेही खरं, पण खरं कारण हे, की लहान मुलांची उत्तरं त्यांना ऐकू येत नव्हती. बरोबर उत्तराला चूक म्हटलं आणि पोर रडवेलं झालं, असं दोनदा घडलं. तिसऱ्यांदा घडू नये म्हणून त्यांनी वर्गच दुसऱ्या ताईंकडे दिला आणि स्वतः प्रश्नपत्रिकांवर समाधान मानलं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. बहुधा आधी बारीक, उंच आवाज जातात. मंदिरातली मोठी घंटा ऐकू येते, पुरुषांचा जाड आवाज ऐकू येतो. पण मोबाइलची टिंग, मुलांचे आणि बायकांचे आवाज निसटतात. बोलण्यातले स, श, फ, थ असे वर्ण पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतं, "ऐकू येतं, पण कळत नाही." आणि घरचे म्हणतात, "हवं तेव्हा बरं ऐकू येतं!" दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे आपल्या स्वाध्यायाला येणाऱ्या आजींमध्येही अशा कितीतरी असणार.

आपल्याला लहानपणापासून सांगतात, इंद्रियं धड आहेत तोवर धर्म करून घ्या. मग इंद्रिय थकलं की काय? पाठशाळेतच आपण शिकलो, की एकेंद्रियाला फक्त स्पर्श, मग रसना, मग घ्राण, मग चक्षू आणि सगळ्यात शेवटी श्रोत्र. माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय. त्यांना डोळे आहेत, कान नाहीत. ऐकणं हे सगळ्यात शेवटी मिळालेलं, म्हणून केवढं मोलाचं. जिनवाणी कानांनीच आपल्यापर्यंत आली.

पण तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जिथे इंद्रियांचा विचार आहे, तिथेच द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असा भेदही सांगितला आहे. कानाची रचना हे द्रव्येंद्रिय. जाणण्याची शक्ती आणि ती शक्ती एखाद्या विषयाकडे लावणं, म्हणजे लब्धी आणि उपयोग, हे भावेंद्रिय. हे मी सासूबाईंकडूनच शिकले. त्यांच्या कानाची रचना थकली आहे, पण मुलांचा पेपर नीट व्हावा म्हणून स्वतःहून उजेडाची सोय करून घेणाऱ्या बाईचा उपयोग थकलेला आहे असं कोण म्हणेल? दारावरची कडी वाजलेली कळत नाही म्हणून आतलं माणूस झोपलंय असं नसतं. दुसऱ्या खिडकीतून हाक घालावी लागते.

आता प्रश्न लेकीच्या डोळ्यांचा. तिचंही खरं होतं. तिची अर्धशिशी आहे आणि चमकत्या पडद्याने डोकं ठणकतं. चूल एक असली तरी ताटं वेगळी असतात, तसं केलं. विंडोजमध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र खातं उघडता येतं आणि ही सोय त्या त्या खात्यापुरतीच राहते. आजीच्या खात्यात उजेड, लेकीच्या खात्यात नाही. खातं वेगळं करायचं नसेल तर 'सगळा पडदा'ऐवजी 'वरची पट्टी' निवडा, ती फारशी डोळ्यांवर येत नाही. घरात कुणाला फिट येत असतील तर सगळा पडदा चमकवणं टाळाच. काहींना भराभर लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते.

मोबाइलमध्येही ही सोय आहे. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओ-व्हिज्युअलच्या पानावर, आणि अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीतच 'फ्लॅश नोटिफिकेशन्स' या नावाने. फोन आला की मागचा दिवा लुकलुकतो. सासूबाई आता दुपारी सामायिकाला बसायच्या आधी फोन पालथा नाही, उताणा ठेवतात, म्हणजे ती 48 मिनिटं दिव्याचा अडथळा नको.

राहिली कानांची तपासणी. त्याला त्या तयार नव्हत्या. "या वयात अंगावर आणखी एक वस्तू कशाला? परिग्रह कमी करायचे दिवस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीकडे होतं. "आजी, तूच शिकवलंस ना? पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र ही मुनींची उपकरणं, परिग्रह नाही. मग कानाचं यंत्र काय?" सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुनींची बरोबरी करू नये. पण प्रश्न बरोबर विचारलास."

दुसऱ्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानातला मळ काढला. कधी कधी तेवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. मग बंद खोलीत श्रवणचाचणी झाली. दोन्ही कानांत उंच आवाजांचा भाग उतरलेला. यंत्राने मदत होईल, पण सवय व्हायला काही आठवडे लागतील आणि पहिले दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा कर्कश वाटेल, असं त्यांनी आधीच सांगितलं. ते बरं झालं, नाहीतर यंत्र कपाटात गेलं असतं. ऐकण्याची तक्रार वर्षानुवर्षं तशीच सोडली तर माणूस एकटं पडतं आणि स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो, असं आता डॉक्टर सांगतात. म्हणून "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नये.

घरातही काही नियम केले. आजीशी बोलताना समोर जायचं, उजेडात, चेहरा दिसेल असं. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि "काही नाही, जाऊ दे" हे शब्द घरात बंद. कमी ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतात ते हेच शब्द.

यंत्राची सवय अजून पूर्ण झालेली नाही. तरी गेल्या रविवारी पाठशाळेतल्या ताईंनीच सासूबाईंना बोलावून नेलं. आता मुलं जागेवरून ओरडत नाहीत. एकेक जण उठून आजींच्या समोर येतो, हात जोडतो आणि उत्तर देतो. ताई सांगत होत्या, वर्गातला गोंगाट त्यामुळे आपोआप कमी झाला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे पडदा असा चमकत असेल तर आधी कशाच्या वेळी चमकतो ते लिहून ठेवा, मग ते ऑडिओचं पान बघा. तिथे ही सोय चालू सापडली तर बंद करायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला, समोर बसून, एकदा विचारा. टीव्हीचा वाढलेला आवाज, स्वाध्यायात मागे जाऊन बसणारी आजी, हसून नुसती मान डोलावणारे आजोबा, यांच्याकडेही तशाच नजरेने बघा.

जय जिनेंद्र.