शाळेच्या बसचे मोल

मोटारींच्या जुन्या नमुन्यांचे शौकीन मुंबईत पुष्कळ आहेत. परंतु शाळेच्या जुन्या बसचा शौकीन अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉइस प्रदर्शनात झगमगत असते, एखाद्या वकिलाची बेबी ऑस्टिन त्याचा नातू रविवारी पुसूनपासून बाहेर काढतो. पण जिच्यात बसून उपनगरांतील दोन-तीन पिढ्या बालवर्गापासून शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचल्या, ती गाडी जपून ठेवावी असे कोणाच्या मनात येत नाही. ह्यात नवल नाही. शाळेची बस ही कोणाच्या अभिमानाची वस्तू नव्हतीच. ती कंत्राटदाराची पोट भरण्याची गाडी. मुलांची ने-आण करून ती थकली म्हणजे तिची बॉडी उतरवून तिच्यावर पाण्याची टाकी चढवावी, आणि तेही निभेनासे झाले म्हणजे तिला कुर्ल्याच्या भंगारवाल्याच्या हवाली करावे, हाच बहुधा तिचा आयुष्यक्रम. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीची, मूळची बॉडी शाबूत असलेली शाळेची बस आज इतकी दुर्मिळ झाली आहे.

अशी एक बस पाहण्याचा योग मला घाटकोपरास आला. कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुपवरून मुलुंडकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यालगत, म्हणजे हल्लीच्या लाल बहादूर शास्त्री मार्गालगत, एका गॅरेजच्या मागल्या आवारात ती उभी होती. मालकांच्या वडिलांचे पूर्वी शाळांशी कंत्राट असे. आता त्या जागेवर इमारत उठणार असल्याने आवार मोकळे करणे भाग होते. मालक मला म्हणाले, ‘‘भंगारवाला वजनावर भाव सांगतो. तुम्ही कशावर सांगाल?’’ प्रश्न साधा होता, पण त्याने मला चांगलेच विचारात पाडले.

शाळेच्या बसला दोन जन्म असतात. चाके, सांगाडा व यंत्र मिळून होणारी चॅसिस मोटारीच्या कारखान्यात तयार होई; आणि लाकूड-पत्र्याची बॉडी तिच्यावर दुसरीकडचे सुतार-लोहार चढवीत. ह्यामुळे तिची ओळख पटवावयाची म्हणजे दोन कुंडल्या मांडाव्या लागतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक निघत. टाटांच्या जमशेदपूरच्या गाड्या १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने बनत. तो करार १९६९ साली संपला. तेव्हा नाकाडावर मर्सिडीजचा त्रिकोणी तारा दिसला, तर गाडी ह्या पंधरा वर्षांतील असावी असे प्रथमदर्शनी म्हणता येते. घाटकोपरच्या बसवर तो तारा होता. परंतु नुसत्या ताऱ्यावर विसंबणारा माणूस फसतो. कारण पुढची जाळी एका गाडीची काढून दुसरीला बसविणे हे मिस्त्रीचे अर्ध्या दिवसाचे काम. खरी साक्ष सांगाड्याच्या लोखंडी तुळईवर ठोकलेल्या क्रमांकाची. रॉकेलच्या बोळ्याने गंज पुसून आम्ही तो वाचला व आर. सी. बुकाशी ताडून पाहिला, दोन्ही जुळले. नंबराच्या पाटीवर ‘एमआर’ ही आरंभीची अक्षरे होती, म्हणजे नोंदणी १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची. हल्लीचे ‘एमएच’ १९८९ च्या जुलैपासूनचे. यंत्राचा क्रमांक मात्र जुळला नाही. त्याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. रोज राबणाऱ्या गाडीचे यंत्र बदलणे हा कुळाचार आहे. मद्रासच्या सिंप्सन कंपनीची पर्किन्स जातीची डिझेल यंत्रे कित्येक जुन्या पेट्रोल-गाड्यांच्या पोटात अशीच गेलेली आहेत.

दुसरी कुंडली बॉडीची. लोहचुंबक लावून पाहावे; चिकटला तर पत्रा पोलादी, न चिकटला तर ॲल्युमिनियमचा. एकाच बाजूला दोन्ही आढळले, तर मागाहून ठिगळ लावले आहे असे समजावे. आतील सांगाडा सागाचा असेल, तर त्याचे सांधे पाहावे. परंतु ही बस शाळेचीच, हे ठरविणारी खूण निराळी आहे. बाके जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजावे. ह्या बसमधील बाकांवर मी बसलो, तेव्हा माझे गुडघे छातीशी आले. खिडक्यांना दोन आडवे गज, दाराशी ठेंगणी जादा पायरी, आणि बाकांच्या पाठींवर कर्कटकाने कोरलेली नावे! बाहेरचा पिवळा रंग काचकागदाने हलकेच घासला, तर खाली निळा निघाला आणि निळ्याखाली शाळेच्या नावाची पुसट अक्षरे. शेंदराचे कवच गळून पडावे व आतील मूळ मूर्ती दिसावी, तसे झाले. शाळेची बस म्हणजे पिवळीच, ही आपली समजूत अलीकडची आहे. अमेरिकेत फ्रँक सायर यांनी १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात परिषद बोलावून तो रंग ठरविला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरील काळी अक्षरे लवकर दिसतात म्हणून. आपल्याकडे तो पुष्कळ उशिरा आला. तेव्हा जुनी बस हाती आली की तिला चकचकीत पिवळा रंग देणे म्हणजे, जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाला तैलरंग फासण्यासारखेच होय.

आता मोल. भंगाराचा भाव हा तळचा भाव. त्याखाली किंमत जात नाही. शौकिनाचा भाव चॅसिस, यंत्र व कागदपत्रे ह्यांवर ठरतो, आणि बसच्या बाबतीत तो मिळणे कठीण. कारण ती ठेवावयास बंगल्याचे आवार पुरत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च विक्रीतून भरून येत नाही. कायद्याचाही आधार नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत व क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. परंतु ही सोय दुचाकींना व खाजगी वापराच्या लहान मोटारींना आहे. शेठजींची गाडी त्या व्याख्येत बसते; शेठजींच्या मुनीमाची मुले जिच्यात बसून शाळेत गेली, ती बसत नाही.

म्हणून मी मालकांस उलटा सल्ला दिला. मोटारींचा जाणकार सांगेल की चॅसिस राखा, बॉडी काय, पुन्हा बांधता येईल. पण ही मोटार शाळेची झाली ती बॉडीमुळे. खालचा सांगाडा कोणत्याही ट्रकचा असता. सबंध बस ठेवण्यास जागा नसेल, तर चॅसिस जाऊ द्यावी आणि नावाची बाजू, दार व बाके ठेवावी. मालकांना हे एकदम पटले नाही. वडिलांची गाडी तोडावयाची म्हणजे हात धजेना. अखेर आम्ही दोन दिवस मापे घेतली, छायाचित्रे काढली, रंगांचे थर वहीत क्रमाने लिहिले. मगच मिस्त्रीने पहिला बोल्ट सैल केला. चॅसिस वजनावर गेली. बाके व नावाची बाजू त्या शाळेने मागून नेली.

अंधेरीस १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची अखेरची जुनी लाल दुमजली बस आगरकर चौकातून सीप्झकडे गेली, तेव्हा निरोप देण्यास लोक जमले होते. १९३७ साली सुरू झालेल्या ह्या गाड्या १९९० च्या सुमारास नऊशेच्या घरात होत्या. शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, तेव्हा निदान दोन तरी आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात ठेवाव्या, अशी प्रवाशांच्या संघटनांनी मागणी केली. त्या बसच्या निरोपाची तारीख सर्वांस ठाऊक होती. शाळेच्या बसला अशी तारीख नसते. एखाद्या जूनमध्ये तिच्या जागी दुसरीच येते, आणि मुलांना तर नव्या गाडीचा आनंदच होतो. तेव्हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या कोणाच्या आवारात अशी गाडी पडून असेल, त्याने भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी एवढे तरी करावे: क्रमांक उतरवून घ्यावा, बाकांची उंची मोजावी, आणि रंगाखाली कोणत्या शाळेचे नाव आहे ते पाहावे.